सगळ्या मागण्या एकाच निवेदनात

संघटनेची पत्रकं आम्ही एका फुकटच्या प्रोग्रामवर टाइप करायचो. त्याचा कोड सर्वांसाठी खुला होता. छापताना मात्र वेलांट्या अक्षर सोडून भलतीकडेच जायच्या. आरमोरीच्या बाजारात लोक पत्रक उलटंसुलटं करून पाहायचे आणि त्यात भजी बांधून न्यायचे. म्हणून मी कोड शिकलो. वेलांट्या, ओळी, समास, सगळ्यांच्या दुरुस्त्या प्रोग्राम सांभाळणाऱ्यांना एका गठ्ठ्यात पाठवल्या. चळवळीत हेच शिकलो होतो, सगळ्या मागण्या एकाच निवेदनात. सोबत खरमरीत पत्रही जोडलं.

हे सगळं ब्रह्मपुरीच्या इंटरनेट कॅफेतून पाठवलं. कॅफेवाला पत्र वाचून हसला. "भाऊ, कोड पाठवून राह्यले का मोर्चा काढून राह्यले?"

उत्तर आलं: एका वेळी एकच दुरुस्ती पाठवा, नाहीतर तपासता येत नाही. मला तहसीलचा बाबूच आठवला. तरी दातओठ खात वेलांटीची दुरुस्ती वेगळी केली. ती पाठवेपर्यंत मूळ प्रोग्राम बदलला होता. नव्या आवृत्तीवर पुन्हा करा, म्हणाले.

कॅफेत इंटरनेटवरून नवी आवृत्ती उतरवायला बसलो, तर फोनची लाइन दर वेळी मधेच तुटायची आणि सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं.

"मले नाई वाटत हे इथी होईल," कॅफेवाला म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

सर्वांसाठी खुलं म्हणे! ज्याच्या घरी लाइन, त्याच्यासाठी खुलं.

पुढच्या सभेचं पत्रक भरकटलेल्या वेलांट्यांसकटच छापलं. आरमोरीत त्यातही भजी बांधली गेली.