हळदीचा डोस

आमच्या सांगलीच्या प्रयोगशाळेत लाकूड कुजायला बारा आठवडे लागतात. तोवर माणसांनी करायचं काय? बुरशी वाढते, तिच्या दुप्पट वेगानं किस्से वाढतात.

*

वडूजची वैशाली तेव्हा आमच्याकडे पीएचडी करत होती. तिचे वडील एकदा लॅब बघायला आले. तिनं सगळं समजावलं. बुरशी लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आणते, त्यातून फ्री रॅडिकल सुटतात, ते लाकडातल्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडतात आणि मग त्यातली साखर बुरशी खाते. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आगं, घरी वाळवी हाय की," ते म्हणाले. "ती बिनपीएचडीची खाती."

*

लॅब अटेंडंट बापू फौजेतून निवृत्त झालेले. बुरशी नि लाकडाचे ठोकळे ठेवलेल्या बरण्यांची रोज सकाळी हजेरी घ्यायचे. एका सोमवारी त्यांनी वैशालीच्या गाइडना, म्हणजे आमच्या सरांना, रिपोर्ट दिला, "चोवीस बरण्या. तेवीस हजर, सात नंबर सिक."

सरांनी सात नंबरची रजा मंजूर केली.

*

थिसिसची मुदत तोंडावर आली होती आणि शेवटची बॅच तेवढी राहिली होती. बाराव्या आठवड्यात वैशालीनं ठोकळे तोलले, तर एकाचंही वजन घटलेलं नाही, म्हणजे एकही कुजला नव्हता! पोरगी टेबलावर डोकं टेकून रडली. चार वर्षांचं काम अडकलं होतं.

शेवटी बापूंनीच सांगितलं. खंडेनवमीला त्यांनी लॅबमधल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली होती. काटा, ओव्हन, मायक्रोस्कोप आणि बरण्यांची झाकणं उघडून एकेक ठोकळा.

"कुंकवाचा डाग पडतो," ते म्हणाले, "म्हनून नुसती हळद लावली."

*

आमचे सर काही वाया जाऊ देत नाहीत. हळद फ्री रॅडिकल पकडते म्हणून लाकूड कुजलं नाही, म्हणजे थिसिसला आयतं प्रकरण मिळालं, असं त्यांनी जाहीर केलं. फक्त प्रयोग मोजूनमापून पुन्हा करायचा. विद्यापीठाकडून कशीबशी मुदतवाढ मिळाली, शेवटची.

पण हळद घालायची किती? बापूंना काट्यापुढे उभं केलं, त्यांच्या वीस चिमटी तोलल्या, सरासरी काढली. थिसिसमध्ये आकडा चार दशांश स्थळांपर्यंत छापला.

*

तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमके त्याच आकड्यावर थांबले. हा डोस कशावरून ठरवला, त्यांनी विचारलं.

वैशालीनं सरांकडे पाहिलं. सरांनी पंख्याकडे. संपलं सगळं, असं मला वाटलं.

बापू चहा घेऊन दारात उभे होते. त्यांनी ट्रे खाली ठेवला, सावधानमध्ये आले आणि अंगठा न् तर्जनी जुळवून चिमूट पुढे केली.

"ह्यावरनं, सायेब."

परीक्षकांनी चष्मा पुसून ती बोटं नीट पाहिली आणि अहवालात लिहिलं, 'पद्धत समाधानकारक.'