गुरुवारची तडतड

चांगली भाजलेली कॉफी शोधत मी पिंपळे सौदागरपासून काळेवाडीपर्यंत सगळी दुकानं पालथी घातली. कुठंच दुसऱ्यांदा जावंसं वाटलं नाही. मग कुणीतरी चिखलीतल्या एका पत्र्याच्या शेडचा पत्ता दिला आणि बजावलं, "गुरुवारीच जा."

गुरुवारी तिथली सगळी वर्कशॉप आठवड्याच्या सुट्टीमुळे चिडीचूप असतात. शेडमध्ये पन्नाशीचा एक माणूस गॅसवर लोखंडी ड्रम हातानं फिरवत होता. त्याचा एक पाय सारखा हलत होता. मी कॉफी मागितली, तर म्हणाला, "मोठ्यानं बोला भाऊ. कंपनीत जन्म पॉवर प्रेसच्या धडधडीत गेला, पायानं पेडल दाबत. बारीक आवाज ऐकू येत नाहीत आता."

मग त्यानं मलाच ड्रमजवळ उभं केलं. "बिया तडकायला लागल्या की हात वर करा. रंगावरून कळतं, पण तोवर उशीर झालेला असतो."

खिशात फोन थरथरत होता. मी या पायावरून त्या पायावर होत होतो. तो ड्रमकडे बघतच नव्हता, माझ्या हाताकडे टक लावून होता. शेवटी आतून तडतड आली. मी हात वर केला. त्यानं झटकन गॅस बंद केला, बिया चाळणीत ओतल्या आणि त्या हलवत विचारलं,

"कसा असतो हो तो आवाज? हा धंदा मी कंपनी सुटल्यावर शिकलो. एकदाही ऐकला नाही."



तेव्हापासून मी दर गुरुवारी जातो. आज नीट ऐकून सांगायचंच, असं ठरवून जातो. पण तो माझ्याकडे असा बघत असतो, की शब्द सुचायच्या आत हात वर गेलेला असतो.