गुलबर्ग्याच्या बाईंची गाडी

धाराशिवमध्ये तीस वर्षं मी डिझेल गाड्यांचं गॅरेज चालवलं. डोळ्यांना बारीक काम दिसेनासं झालं तसं ते मुलाच्या हवाली केलं. तेव्हा बायको म्हणाली, "आयुष्यभर लोकांच्या गाड्या गावोगावी जायच्या लायक केल्या तुम्ही. आपण कुठं गेलो?" ती चिडून नव्हती बोलली, म्हणूनच ते मनाला लागलं.

त्याच सुमारास एका ओळखीच्या ट्रक ड्रायव्हरनं सांगितलं, की गुलबर्ग्याला एका बंगल्यात ताडपत्रीखाली विलायती गाडी उभी आहे. आत पलंग, ओटा, शेगडी, सगळं घरासारखं. मी दुसऱ्याच दिवशी त्याच्या ट्रकमधून गेलो.

बंगल्यात एक ऐंशीच्या घरातल्या बाई एकट्या राहत होत्या. त्यांचे यजमान डॉक्टर. इंग्लंडात नोकरी करून परतताना त्यांनी ही गाडी बोटीनं आणली होती. ते गेल्यापासून ती हलली नव्हती. बाईंचं माहेर सोलापूरचं, मराठी एकदम स्वच्छ. मी बॉनेट उघडलं, खिशातल्या रुमालानं इंजिनावरची धूळ पुसली. बाई पायरीवर बसून बघत होत्या.

"मिस्त्री, चालवणार ना ही? नुसती उभी करायला मी देत नाही."

"चालवणार बाई. आमच्या मालकिणीला घेऊन फिरायचंय."

"मग घेऊन जा. आणि रस्त्यावर आली की एकदा इकडं आणा. मला एक चक्कर मारायचीय."

"ते काय सांगायला लागतं का?" असं मी म्हणालो. अगदी सहज म्हणालो.

गाडीच्या नोंदणीची मुदत कधीच संपली होती, म्हणून ती ट्रकवर चढवून आणली. बाईंनी सगळ्या फॉर्मांवर सह्या केल्या, पुतणीला आरटीओत पाठवून कर्नाटकची एनओसीही मिळवून दिली. मला वाटलं, आता काय, महिन्याभराचं काम.

इंजिन सहा महिन्यांत सुरू झालं. जे पार्ट मिळेनात ते मी लेथवर करून घेतले. बायकोनं पडदे शिवले, गाद्या भरल्या. मग कागद घेऊन आरटीओत गेलो. तिथल्या क्लार्कनं फाईल चाळली आणि विचारलं, "चाचा, गाडी बाहेरच्या देशातली आहे. देशात आली तेव्हाचा कस्टमचा कागद कुठंय?"

"तिकडं इतकी वर्षं नोंद होती की."

"होती, पण इथं नव्यानं करायची तर तो लागंल. बाकी सगळं चोख आहे तुमचं."

त्याचं काही चुकत नव्हतं. मी बाहेर येऊन तिथूनच बाईंना फोन लावला.

"असेल," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांची एक पेटी आहे कागदांची. बघते. गाडी कशी आहे?"

"चालू झाली. पण बाई, कागद तेवढा लवकर बघा."

पुढं दर आठवड्याला, जुम्म्याची नमाज झाली की, मी फोन करायचो. त्या आधी गाडीचं विचारायच्या. आवाज कसा येतो, वरचं छप्पर नीट उघडतं का, मालकिणीला आवडली का. मी तुटक उत्तरं द्यायचो आणि कागदावर यायचो. दोन-अडीच महिने हेच चाललं. एकदा त्या म्हणाल्या, "तुम्ही गाडी घेऊन या, मग बघू कागदाचं."

"नोंदणीशिवाय रस्त्यावर कशी आणू? पोलीस धरतील."

"गाडी नाही तर नाही. तुम्ही तर या. मालकिणीला आणा."

"बघतो," म्हणालो आणि फोन ठेवला. बायकोला म्हणालो, "म्हातारी खेळवतीय. कागद हरवलाय आणि कबूल करंना."

बायको म्हणाली, "एकटी बाई हाय. जाऊन यावं की आपण."

"कागद मिळाल्यावर जाऊ."

त्यानंतर मी फोनच बंद केले. कुणीतरी सांगितलं की मुंबईहून जुन्या कागदाची नक्कल निघते, तर त्या खटपटीला लागलो. अर्ज, आठवणपत्रं, पुन्हा अर्ज. पावसाळा गेला, हिवाळा गेला. बाईंचा एकदा फोन आला होता. मी त्या वेळी झेरॉक्सच्या दुकानात होतो. नंतर करू म्हणून उचलला नाही, आणि नंतर केलाही नाही.

मग पुतणीचा फोन आला. काकू महिन्यापूर्वी गेल्या. तुमच्या नावाचं एक पाकीट आहे, घेऊन जा.

मी एसटीनं गेलो. नळदुर्गला गाडी बदलली, आळंदवरून गुलबर्गा. चार तास लागले. खिडकीशी बसून मी एवढंच म्हणत होतो, की चारच तास.

पाकिटात कस्टमचा कागद होता, पिवळा पडलेला पण अख्खा. सोबत वहीचं एक पान. त्यावर थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं. मागची खिडकी आधी वर उचला, मग ढकला. थंडीत चोक पूर्ण ओढू नका. छप्पर उघडं असताना ओट्यावर तवा ठेवू नका, वारा आत येतो.

"कागद कधी सापडला त्यांना?" मी विचारलं.

पुतणी थोडी घुटमळली. "तुम्ही पहिल्यांदा फोन केलात ना, त्याच आठवड्यात. मी म्हणाले कुरियर करते. काकू म्हणाली, नको, कागद गेला की मिस्त्री येणार नाही."

बाईंनी मला बरोबर ओळखलं होतं. चहा तसाच ठेवून उठलो.

नोंदणी पंधरा दिवसांत झाली. निरीक्षकानं चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलीनं छाप घेतला, आत डोकावून ओटा पाहिला, "झकास केलीय चाचा" म्हणाला. एमएच पंचवीसची पाटी लागली. गॅरेजमधल्या पोरांनी पेढे वाटले. मी एक घेतला आणि हातातच धरून बसलो.

आता आम्ही फिरतो. परंड्याचा किल्ला पाहिला, येरमाळ्याच्या घाटात दुपारी थांबून खिचडी केली. बायको खूश असते आणि तिच्याकडं बघून मलाही बरं वाटतं. तिला मी सगळं सांगितलंय. ती एकदाही "मी म्हणत होते" असं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात नळदुर्गहून परत निघालो तेव्हा गुलबर्ग्याच्या फाट्यावर तिनं विचारलं, "तिकडं जायचं का? पुतणी तरी बसंल गाडीत."

"तिला कुठं बसायचं होतं?" मी म्हणालो, आणि गाडी तुळजापूरच्या रस्त्याला घेतली.