अकरा नंबरची रशियन बाई

पहिल्यांदा खटकलं ते हसू! फोनवर मी त्या रशियन पुढाऱ्याचं नाव घेतलं की पलीकडचं माणूस फिस्सकन हसायचं. एक हसला, दोन हसले, पाचवीही हसली. मला वाटलं, नक्की माझे उच्चार! झालं, छातीत धडधड सुरू. (माझ्या छातीला काय, दारावरची बेलही पुरते.)

आता अब्रू घालवायचीच, तर नीट सांगते. पुण्यात कॉलेजात हौसेनं रशियन शिकले आणि लग्न होऊन आले कुठे? तोक्योत, फुनाबोरीला! रशियन गेलं माळ्यावर. तेवढ्यात एका विद्यापीठातल्या प्राध्यापक ओनो-सेन्सेईंकडे बाइतो मिळाला, म्हणजे पार्टटाइम काम. जपानमधल्या रशियनांना विचारायचं, टीव्हीवर गर्जना करणारा तुमचा तो पुढारी पटतो का हो तुम्हाला?

"छे! विदूषक आहे नुसता!" सगळ्यांचं एकच उत्तर.

मग त्याला मतं देतं कोण, भुतं? सेन्सेईही चक्रावले. शेवटी त्यांनी एक प्रश्न वाढवला: "बरं, तुम्हाला नाही पटत. पण तिकडच्या तुमच्या शेजाऱ्यांना?"

अहो, धरणच फुटलं!

"शेजारी ना? ते म्हणतात, पेन्शन कमी मिळाली तरी चालेल, पण जगानं आपल्याला टरकून असावं. बाहेरचे लोक फार झालेत. दंडुकेवालाच हवा!"

पुढाऱ्याचं भाषणच की हे! यांच्या स्वतःच्या तोंडून जे निघत नाही ते तो माइकवर बोलतो. लोक त्याला हसतात, आणि हसत हसत मत देऊन येतात. मी मनात म्हटलं, काय बाई ही माणसं!

शेवटची मुलाखत आमच्याच इमारतीतल्या गालिनाबाईंची. पियानो शिकवतात, वरच्या मजल्यावर राहतात, अधूनमधून सेन्सेईंची भाषांतरं तपासून देतात. प्रश्न संपले, चहा आला, सोबत वाटीभर जॅम आला.

"आणि तुझं काय गं?" त्यांनी विचारलं. "खाली नवी बिऱ्हाडं आलीत ना?"

"मला काही नाही हो," मी ऐटीत रशियनमध्ये म्हटलं, "पण बाकीचे म्हणतात, हे नवे लोक फार झालेत. कचरा वेगळा करत नाहीत, जिन्यात मोठमोठ्यानं बोलतात. आम्ही आधी आलेले तसे नव्हतो. कुणीतरी कडक माणूस हवा, एकेकाला सरळ करणारा!"

आधी म्हणजे किती आधी? दीड वर्ष! आणि नवे लोक कोण? नाशिकच्या जोशीवहिनी, ज्यांच्या गॅलरीतला कढीपत्ता मी रोज खुडून आणते!

आणि रेकॉर्डर? चालूच! त्यानं आमच्या गप्पांची वेगळी फाइल केली, नंबर अकरा. मी न ऐकताच सगळ्या पाठवून दिल्या. कुणाची ओळख पटू नये म्हणून ॲप आवाज बदलून टाकायचं, म्हणजे सेन्सेईंना कळायलाही मार्ग नाही.

सकाळी त्यांचा मेल. "अकरा नंबरची बाई अप्रतिम! रशियन समाजाचं न बोललेलं मन! शनिवारी भर सभागृहात हीच ऐकवू."

सेन्सेईंचं संशोधन खोटं, माझा बाइतो बंद, आणि वर नाचक्की! लावला फोन. उचलेनात. ट्रेनमध्ये असतील, इथे ट्रेनमध्ये कुणी फोनवर बोलत नाही. निदान गालिनाबाईंना गाठावं म्हणून वर धावले, तर त्यांचं दार बंद. पुन्हा फोन. पुन्हा. घराच्या घरात मी दोन स्टेशनांएवढी तरी चालले असेन.

सातव्यांदा उचलला!

"सेन्सेई, ती अकरा नंबरची..."

"हो हो, तीच ऐकतोय! भाषांतर तपासायला गालिना-सानना बोलावलंय. मी विचारलं, अशी बाई खरंच असते का हो? त्या मघापासून नुसत्या हसतायत. म्हणतात, असते की! माझी शेजारीण आहे!"