डोक्याला लावू नये

पोटात घ्यायच्या माशाच्या कॅप्सूल मी महिनाभर फोडून फोडून डोक्याला चोळल्या. मी केमिस्ट्रीचा पदवीधर आहे, हेही आताच सांगून टाकतो. नंतर तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं.

त्या कॅप्सूल देणारा गृहस्थ उल्हासनगरात बटणं विकायचा. पाटी बटणांची, कपाटं बटणांची. पण भर उन्हाळ्यात टोपी घालून कुणी गल्ल्यापुढे घुटमळू लागला, की सेठ उठायचा आणि स्वतःचं डोकं त्याच्यापुढे झुकवायचा.

"खेचो, साईं."

गिऱ्हाईक संकोचलं तर त्याचा हात धरून आपल्या केसांत घालायचा. "अरे, खेचो! अपना समझ के खेचो!"

केस कसले, काथ्याचं पायपुसणंच ते. खेचल्यावर अख्खा सेठ हलायचा, केस हलत नसत.

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यातले निम्मे ऑफिसर त्याच्याकडे जात. 'केस' हा शब्द मात्र कुणी तोंडातून काढायचा नाही. "काळी बटणं आहेत का?" असं विचारायचं. त्यावर तो गंभीरपणे विचारी, "कब से गिर रहे हैं बटन?" एकदा मी आणि आमचे मॅनेजर एकाच वेळी तिथे पोचलो. दोघांनीही खरीखुरी बटणं घेतली आणि एकमेकांकडे न बघता बाहेर पडलो. त्या बटणांना लावायला शर्ट अजून सापडलेला नाही.

मला घाई होती, कारण माझं लग्न अडलं होतं. नोकरी पक्की, बेलवलीत स्वतःची जागा, पण बघायला गेलो की मुलीकडचे माझ्या चेहऱ्याच्या वरच बघत बसत. एका मुलीच्या मामाने तर आईला हळूच विचारलं होतं, "मुलगा विधुर आहे का हो?" आता अंबरनाथचं एक स्थळ आलं होतं. ती मुलगी मला बसथांब्यावर दिसायची आणि आवडायची. म्हणजे या वेळचा नकार मनाला लागणार होता.

सेठने बाटली हातात दिली. "समुंदर का मेवा है, साईं. मछली का कलेजा, मछली का पाउडर. सुबह-शाम लो. मुर्गी को मछली का पाउडर डालते हैं, पंख देखे हैं कैसे चमकते हैं? मुर्गी को पंख आते हैं, तो तुमको बाल नहीं आएँगे?"

कोंबडीशी झालेली तुलना मी सोडून दिली. अडचण वेगळीच होती. आई माळकरी. घरात अंडं येत नव्हतं तिथे मासा कुठून गिळणार? मग मी शास्त्रार्थ लावला. 'लो' म्हणजे घ्या. कुठून घ्या, हे तो बोललाच नाही. औषध केसांचं, तर ते केसांनाच द्यायचं. मासा पोटात गेला तर पाप, डोक्यावर राहिला तर औषध. पदवी असली की माणसाला असं सुचतं.

मी कॅप्सूल खोबरेल तेलात कालवू लागलो. दोन-चार दिवसांत आई म्हणाली, "कुठेतरी उंदीर मेलाय रे." तिने कपाटं सरकवली, पोटमाळा झाडला. मीही मदतीला वाकून वाकून शोधत होतो. मी जिथे वाकायचो तिथे तिला वास जास्त यायचा. सकाळी कामाला निघालो की गल्लीतली मांजरं मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला येत.

बघायला जायच्या दिवशी शिकेकाईने डोकं घासघासून धुतलं. मुलीकडे चहा-पोहे झाले. तिच्या वडिलांनी विचारलं, "तुमच्याकडे मासे चालतात ना?"

"छे छे," आई म्हणाली, "माझी माळ आहे. याला तर वाससुद्धा सहन होत नाही."

एवढ्यात त्यांचं मांजर माझ्या खुर्चीच्या पाठीवर चढलं. पुढचे दोन्ही पंजे माझ्या खांद्यांवर टेकवले आणि माझी टाळू चाटू लागलं. अगदी मन लावून. मुलीची आई "शुक शुक" करत राहिली, मांजर हटेना. मी बशीतल्या उरलेल्या शेंगदाण्याकडे बघत बसलो. आईने महिनाभराचा उंदीर त्या क्षणी ओळखला.

तेव्हा मुलगी पहिल्यांदा बोलली. "खात नाहीत म्हणता, मग मासा ठेवलाय कुठे?"

दुसऱ्या दिवशी मी सेठकडे भांडायला गेलो. माझं स्थळ गेलं, मांजरापायी शोभा झाली, आणि डोक्यावर एक केस नवा नाही!

"कितनी खाई?" त्याने शांतपणे विचारलं.

"खाई नहीं. लगाई."

"लगाई?" त्याने चष्मा काढला. "साईं, भूख लगती है तो रोटी भी सिर पे रखते हो?"

मग तो हसायला लागला. इतका, की आतून त्याची बायको धावत आली. गुडघ्यापर्यंत वेणी. तिला बघितल्यावर त्याचं हसू थांबलं. ती परत आत गेल्यावर म्हणाला, टायफॉइडमध्ये हिचे सगळे केस गेले होते. हिने आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. मी रोज मासे आणून भरवले. समुद्रातलं जे मिळेल ते भरवलं. वेणी परत आली. तेव्हापासून लोकांना देतो.

टायफॉइडनंतर गेलेले केस बहुधा आपले आपणच येतात. मी ते सांगणारही होतो. पण डोक्याला मासा लावलेल्या माणसाने शास्त्र सांगू नये, एवढी अक्कल तोवर आली होती.

आठवड्याने, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, होकार आला. त्यामागचं कारण बायकोने लग्नानंतर सांगितलं. "म्हटलं, हा माणूस बाहेर काही भानगड करायचा नाही. केली तर मांजर सांगेल."

पुढे नव्वदच्या दशकात सेठ गेल्याचं कळलं. आम्ही दोघं भेटायला गेलो. दुकानात बटणांच्या जागी जीन्सच्या पँटी लटकत होत्या. आत शिरताना माझा हात सवयीने पुढे झाला. झुकायला डोकं नव्हतं.

सेठची बायको, म्हणजे चाची, आतून आल्या. वेणी पांढरी झालेली, पण तेवढीच जाड. त्यांनी फळीवरून एक जुनी बाटली काढून दाखवली. तिच्यावर सेठच्या वाकड्यातिकड्या मराठीत चिठ्ठी चिकटवलेली: 'खायाला आहे. डोक्याला लावू नये.'

"ये बाद में हर बोतल पे लगाते थे," चाची म्हणाल्या. "कोई केमिस्ट था, अंबरनाथ का. उसके लिए लिखना पड़ा."

बायकोने माझ्याकडे बोट केलं.

चाचींनी माझ्या डोक्याकडे निरखून बघितलं. आता तिथे बघण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं.

"अच्छा, तुम हो," त्या म्हणाल्या. "सेठ बोलते थे, दवा का कसूर नहीं. अंदर ही कुछ नहीं था, तो बाहर क्या उगता?"