तांदळाएवढा पाहुणा

सत्यनारायणाच्या सकाळी, जयपूरमधल्या टिळक नगरच्या आमच्या स्वयंपाकघरात मी शिरा हलवत होते, आणि समोरच्या भिंतीवर तांदळाच्या दाण्याएवढा राखाडी पतंग बसलेला दिसला. पंखांना तांबूस झालर. मी किंचाळलेच!

"आई, मतलब छिपकली आहे का?" लेक धावत आली. मी तिला धरून गरागरा फिरवलं. मी कॉलेजात कीटकशास्त्र शिकवते. तीन पावसाळे इथून सह्याद्रीत जाऊन पांढरी चादर टांगून, दिवा लावून याची वाट बघितली, पण या पठ्ठ्याने एकदाही तोंड दाखवलं नव्हतं. आणि आता स्वतःहून घरी!

फोटो काढला, आमच्या पतंगवेड्यांच्या ग्रुपवर टाकला, खाली ठिकाण लिहिलं, जयपूर. झालं! राजस्थानातली पहिली नोंद म्हणून सगळे नाचायला लागले. एकाने तर जयपूरला यायच्या गाड्या बघायला घेतल्या. माझा शिरा करपला, गुरुजी माझ्यावर करवादले, तरी मला हसूच आवरेना.

दुपारी पानं मांडायला घेतली. इथे गल्लीगल्लीत पत्तलं मिळतात, तरी माझी आई पूजेसाठी जुन्नरहून पत्रावळी पाठवतेच. एका पत्रावळीच्या दुमडीत रिकामा कोश होता. म्हणजे स्वारी माहेरच्या पार्सलातून आली होती! मी हसत हसत खालीच बसले.

"आता ठिकाण काय लिहू गं?" मी लेकीला विचारलं.

"आपण आपलं लिहितो ना, तेच."

मी लिहिलं: मूळ गाव जुन्नर, सध्या जयपूर.