मथुराबाई आणि दोन माणसांची मोटार

मथुराबाई अंगणात सडा घालत होत्या, माझं दूध चुलीवर होतं, आणि आमच्या सामाईक दाराची कडी वाजली. शेणाच्या हातांनीच त्या माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या.

"मास्तरीणबाई, तुम्ही उघडा. पोलीस असंल."

जसोंडीच्या खेड्यातून लग्न होऊन शहरात, आमच्या लोधीपुऱ्यात आल्यापासून त्या सगळ्यालाच भीत. पोलिसाला, डॉक्टरला, गिरणीच्या भोंग्याला. त्यांचा नवरा गिरधर मिस्त्री चिडवायचा, "हिला स्वतःची सावली दिसली तरी पदर घेते." पण ह्याच बाई अंगणात बसून मोटारीचे भाग घासलेटात धुवत, आणि गिरधर ज्या क्रमाने काढी त्याच क्रमाने केळीच्या पानांवर मांडत. जोडताना तो न बघता हात मागे करी. मथुराबाई हवा तो भाग हातावर ठेवत.

त्या वर्षी अंगणात एका लहानशा संस्थानाच्या युवराजांची मोटार होती. लाल, दोनच माणसांची, शर्यतीची. युवराजांना ती आणखी जोरात पळवायची होती. म्हणून गिरधरने जुना पितळी कार्बुरेटर काढून त्याच्या जागी दोन मोठे बसवायला घेतले होते. इंजिन खोललेलंच होतं, आणि संस्थान विलीन झालं. युवराजांचा निरोप येईना. राजवाड्याच्या एकेका वस्तूचा हिशेब सरकारी माणसं मागताहेत, ही बातमी मात्र आली. तेव्हापासून कडी वाजली की मथुराबाई अशाच माझ्याकडे पळत.

मी दार उघडलं. खरंच पोलीस होता. सोबत काळ्या कोटातले एक साहेब.

"ही मोटार आता सरकारची," साहेब मोटारीपाशी बसलेल्या गिरधरला म्हणाले. "आली तशी सगळी पाहिजे. मूळ कार्बुरेटर कुठाय?"

"आहे ना साहेब, संभाळून ठेवलाय." गिरधरने पेटी उघडली. नट कसायचे पाने, चिंध्या, खिळे. पेटी पालथी केली. मग पोत्यांखाली पाहिलं, मोटारीखाली पाहिलं, आणि उठून बायकोकडे वळला. "अगं, कुठं ठेवला?"

मथुराबाई माझ्या मागे होत्या. त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"विकला असेल," पोलीस म्हणाला. "पितळेला गिऱ्हाईक लई, मिस्त्री."

"आईची शपथ, साहेब..."

"शपथ ठाण्यात घे."

गिरधर चपला शोधू लागला. समोर होत्या, तरी पाय आत जाईना. साखळीला टांगलेल्या इंजिनाखाली शीळ घालत उभा राहणारा माणूस तो.

"मी सोडला," माझ्या मागून आवाज आला.

सगळे वळले. मथुराबाई जमिनीकडे बघून बोलत होत्या. "खंडेनवमीला हत्यारांसंगं पाटावर मांडला होता. हळदकुंकू वाहिलं. हे म्हणाले, याचं काम संपलं. मग पुजलेली वस्तू घरात लोळवायची कशी? भंगारात तरी द्यायची कशी? आमच्या जसोंडीत नांगराचा झिजलेला फाळ पुजून नदीत सोडतात. मी बी तापीला दिला."

पोलीस हसला. "वा बाई! तापीमायला मोटार घ्यायची होती काय?"

साहेब हसले नाहीत. "हे वरच्या कचेरीत कोण खरं मानेल? चल, मिस्त्री."

"मथुरा," गिरधर एवढंच म्हणाला, "मला सांगायचं तरी." आवाजात राग नव्हता.

पोलिसाने त्याचं मनगट धरलं. माझ्या दंडावरची पकड सुटली. बाहीवर शेणाची बोटं तेवढी उमटून राहिली. मथुराबाई जाऊन दारात उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर ओढला, पण वाटेतून हटेनात.

"साहेब, यांना नेण्याआधी माझ्यासंगं तापीच्या राजघाटावर चला. सोडला ती पायरी मी दाखवते. मासे धरणाऱ्या एका भोयाला तिथं बुडी मारायला सांगा."